साखराबाईंचे श्वास मोजणाऱ्या गुरम्मा सिस्टर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय शेषेरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या डायलिसिस विभागातले सहकारी, निलंगा-उदगीरपासून आलेले पेशंट नि त्यांचे घरचे लोक, आणि ज्यांच्या सत्कारासाठी आपण जमलो आहोत त्या गुरम्मा सिस्टर, सर्वांना माझा नमस्कार.

मी डॉक्टर श्रीशैल. किडनीचा डॉक्टर म्हणून लातुरात आलो तेव्हा सिस्टरांची नोकरी वीस वर्षांची झाली होती. त्यांचं कौतुक करायला पाच मिनिटं पुरतील का? नाही पुरणार. म्हणून एकच प्रसंग सांगतो. त्यात माझं कौतुक नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चार वर्षांपूर्वी निलंग्याच्या साखराबाई आमच्याकडे डायलिसिसला यायच्या. जन्म चुलीच्या धुरात गेलेला, फुफ्फुसं आधीच अधू, त्यात किडन्या गेल्या. मुलगा अण्णाराव आठवड्यातून दोनदा एसटीनं घेऊन यायचा. येताना बाई धापा टाकत यायच्या. पण मशीन लावून दोन तास झाले की त्यांना गुंगी यायची आणि बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन चौऱ्याऐंशीपर्यंत उतरायचा. मला वाटलं, अंगात पाणी राहतंय. मी जास्त पाणी काढायला सांगितलं. पायात गोळे आले, बीपी पडलं, गुंगी होती तशीच राहिली.

चौथ्या खेपेला अण्णाराव माझ्या केबिनमध्ये आला. खाली मान घालून म्हणाला, “सर, माय म्हणायली, मरायचंच हाय तर घरी मरते. पुढच्या खेपंपासून आणत न्हाई.”

डायलिसिस बंद म्हणजे काय, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी त्याला समजावत होतो, तेवढ्यात गुरम्मा सिस्टर दारात आल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, “सर, हे पाणी न्हाई. मी मावशीचे श्वास मोजले. मशीन लावायच्या आधी मिनिटाला सव्वीस होते, आता दहा हायत.”

खरं सांगू? मला राग आला. अकरा-बारा वर्षं शिकून आलेल्या माणसाला घड्याळ लावून श्वास मोजणारी सिस्टर शिकवते? तरी मनगटातलं रक्त घेऊन तपासायला पाठवलं. कार्बन डायऑक्साईड पंचेचाळीसच्या आत असायला हवा, तो अडुसष्ट निघाला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. किडनी बंद पडली की रक्तात आम्ल साठतं, आणि ते आवरायला माणूस भराभर श्वास घेतो. डायलिसिसमध्ये मशीन रक्ताला बायकार्बोनेट देतं, आम्ल कमी होतं, श्वास संथ होतो. धडधाकट छातीला त्याचा त्रास होत नाही. साखराबाईंची फुफ्फुसं मात्र त्या भराभर श्वासांवरच तगून होती. आम्ही आम्ल एकदम उतरवत होतो, त्यांचा श्वास मंदावत होता आणि कार्बन डायऑक्साईड आतच कोंडत होता; गुंगी त्याचीच होती.

मशीनमधलं बायकार्बोनेट कमी केलं, पाणी सावकाश काढलं, सुरुवातीच्या काही खेपांना श्वासाचा मास्क लावला. अण्णारावला घरी जाऊ न देता सिस्टर त्याच्याशी अर्धा तास बोलल्या. काय बोलल्या, ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. पुढच्या मंगळवारी बाई आल्या. तीन तासांनी डोळे उघडे होते, आणि त्यांनी चहा मागितला. आज त्या समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

आता जे इतकी वर्षं बोललो नाही ते बोलतो. नांदेडला डॉक्टरांच्या परिषदेत मी ही केस मांडली. टाळ्या मिळाल्या, सत्कार झाला. ‘मला शंका आली’, असं मी तिथं म्हणालो. शंका मला आली नव्हती. गुरम्मा सिस्टरांना आली होती, आणि त्यांचं नाव मी घेतलं नाही. त्यांना हे कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा माझ्या हातात पेशंटचा कागद दिला. त्यावर श्वासांचा नवा रकाना आखलेला होता. आता तो आपल्या प्रत्येक कागदावर असतो.

सिस्टर, त्या परिषदेच्या आयोजकांना मी काल पत्र पाठवलं. केस कोणी ओळखली, हे त्यात तुमच्या पूर्ण नावानं लिहिलं आहे. उशीर झाला, कबूल आहे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. भाषणात कुठं अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. बाकीची माफी मला एकट्या सिस्टरांकडं मागायची आहे, ती मी या सर्वांसमोर मागतो.

नमस्कार.