येनीच्या पानातली चटणी

आरेकिपाच्या मंडईत, मृतांच्या सणाच्या आदल्या दिवशी, मिरचीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी जावा होत्या.

"दिओनिसिया, माझ्या येनीच्या पानातल्या चटणीत यंदा चीज घालू नकोस. पोर जिवंतपणी दुधाला शिवत नव्हती."

"शेंगदाणे वाटून घालते, जाऊबाई. गेल्या वर्षी वाटलं, मेलेल्याला काय कळतंय!"

"कळलं की! सकाळी पानातलं सगळं बेचव. सगळ्याची चव ती घेऊन गेली. तुझी चटणी मात्र जशीच्या तशी झणझणीत. उपाशी गेली गं लेकरू."

"उपाशी नाही गेली, जाऊबाई."

"म्हणजे?"

"त्या सकाळपासून माझ्या तोंडाला चवच नाही. ही मिरची मघापासून चावतेय. तिखट आहे का हो?"