बाबांचा संशय आणि बदाम

आमच्या बाबांना कुणी देवाचा प्रसाद दिला तरी ते आधी देणाऱ्याचं तोंड बघतात. त्यात मी पनवेलहून दर रविवारी गावी, बोर्ली पंचतनला, त्यांच्यासाठी बदाम-अक्रोड न्यायला लागलो. म्हटलं, "बाबा, रोज मूठभर खा, हृदयाला चांगले असतात."

ते आईच्या कानात म्हणाले, "याला जमीन विकायची हाय." आणि एकही बदाम खाल्ला नाही.

परवा मला ओटीवर बसवून त्यांनी सरळच विचारलं, "सही कुठं करायची ती सांग. बदाम चारून फसवू नको."

मग मला बोलावंच लागलं. "सही नकोय, बाबा. गेल्या महिन्यात माझ्या हृदयात स्टेंट टाकला. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यात असू शकतं, वडिलांनाही तपासा. तुम्ही दवाखान्याचं नाव काढू देत नाही, म्हणून निदान बदाम तरी..."

बाबा माझ्या छातीकडे बघतच राहिले. मग बदामांची वाटी त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

"उद्या येतो दवाखान्यात. पन आधी तू खा, माझ्यासमोर. एवढं लपवलंस, आता तुझ्यावर माझा इस्वास न्हाय."