ओ दिल्यावर

जळगावच्या एका स्टुडिओत फोटोसाठी थांबलेल्या वसंतनानांनी पुस्तकात डोकं खुपसलं होतं, पण कान काउंटरकडे होते. असोद्याची बेबाबाई आणि तिचा मुलगा ललित, तिच्या वारलेल्या नवऱ्याचा, रतिलालआबांचा व्हिडिओ घेऊन आले होते.

“आबांचे ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. उद्या तेराव्याला, गंधमुक्तीला बठ्ठं गाव बघणार, नीलेशभाऊ,” ललित म्हणाला.

“आवाज अलीकडे सरकवलाय. बघा आता.”

पडद्यावर ओठ हलले. मग आवाज आला, “बेबा!”

“परत मागेच, भाऊ!”

“अरे, कितीदा जुळवू? इथे तर बरोबर दिसतोय.”

“मी ओ दिल्याशिवाय ते पुढचं बोलायचेच नाहीत. लाव परत.”

“आई, व्हिडिओ आहे तो!”

“बेबा!”

“ओ!”

“मोटर बंद कर गं, पाणी वाहून चाललं.”

“जुळलं की! ओठ न् आवाज एकदम! काय केलं, भाऊ?”

“मी हातच लावला नाही.”

“उद्या मी जवळच बसेन. ओ देत जाईन.”

“बरं, बंद करतो मी.”

पडदा काळा झाला.

“बेबा!”

नानांच्या हातातलं पान उलटायचं राहून गेलं. ललित आईकडे बघत होता.

“अक्का,” नीलेश हळूच म्हणाला, “ओ द्या ना.”