मावळत्या उजेडात कोण गेलं?

ऐकताय ना मंडळी? मग टाळ जरा खाली ठेवा. गोपीनाथराव, तबल्यावरचा हात घटकाभर उचला. हो हो, तुम्हालाच सांगतोय! गाण्यात तुमचं राज्य, गोष्टीत माझं. आणि गोष्टीच्या आधी एक प्रश्न.

एखाद्या माणसानं आपलं काम चोख केलं, वाखाणण्यासारखं केलं, गावानं हार घातले, फटाके उडवले — तर त्याच कामासाठी त्याला देवापुढं मान खाली घालावी लागेल का? काय? नाही? कोण म्हणालं नाही? तुम्ही का, खांबाला टेकलेले काका? बरं बरं! टेकून राहा. आख्यान संपेपर्यंत असंच टेकून राहता येतंय का, बघू या.

आजचं आख्यान क्रिकेटचं आहे. हसा, हसा! मागच्या साली मी इथं कंठशोष करत होतो आणि मागच्या तीन रांगा मोबाइलवर स्कोअर बघत होत्या, तेव्हा मीसुद्धा असाच हसलो होतो. म्हटलं, थांबा लेको, एकदा तुमच्याच खेळात तुम्हाला धरतो!

तर कडेगव्हाण नावाचं एक गाव. कुठं आहे ते विचारू नका, तुमच्या-माझ्या गावासारखंच आहे. त्या गावात हेमंत रासकर नावाचा फलंदाज. असा फलंदाज की त्यानं बॅट नुसती काखेत धरून चौकातून चालत जावं आणि चहा पिणाऱ्यांनी कप खाली ठेवावेत! जिल्ह्याच्या संघाकडून त्याची एकोणीस शतकं. एकोणीस बरं का! विसावं झालं की जिल्ह्यात आजवर कुणाच्याच नावावर नाही असा आकडा त्याच्या नावावर लागणार. पण आता गुडघा बोलायला लागला होता. हेमंतनं स्वतःच जाहीर केलं, 'यंदाचा अंतिम सामना हा माझा शेवटचा.'

सामना कसला? जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या ढालीचा. चार दिवसांचा, दोन्ही बाजूंना दोन-दोन डाव. कसोटीची धाकटी बहीणच म्हणा. आणि मंडळी, ही ढाल त्या जिल्ह्याला कधी मिळालीच नव्हती! आजोबांच्या काळापासून पोरं खेळायला जायची आणि हात हलवत परत यायची. कप्तान बाळकृष्ण निकम एकच गोष्ट सांगत फिरायचा, 'यंदा ढाल आणायची. कशी ते मला माहीत नाही, पण आणायची!'

आता गावाचं काय? गावानं चौकात औषधाच्या दुकानाबाहेर फळा लावला होता. त्यावर स्कोअर लिहायचे. कुणाचा? हेमंतचा! फक्त हेमंतचा! संघाचा स्कोअर लिहायला त्या फळ्यावर जागाच ठेवली नव्हती. आणि फ्लेक्स तर सामन्याआधीच छापून आला होता — 'वीस शतकांचा राजा!' पोर जन्माला यायच्या आधी बारशाचे पेढे वाटणारी माणसं आपण. पहिल्या डावात राजानं भोपळा काढला, तेव्हा फ्लेक्स गुंडाळून दुकानामागं ठेवला. फाडला नाही हं! दुसरा डाव होता ना अजून.

पहिल्या डावात संघाला तारलं ते दुसऱ्याच एकानं. सर्जेराव कोळेकर. डावखुरा, वेगवान, चोविशीतला. मेंढरं राखणाऱ्या घरातला पोरगा, त्याच गावचा, हेमंतला दादा म्हणणारा. ह्या सर्जानं समोरच्यांचे सहा गडी असे काढले की राज्याच्या संघाचे निवडकर्ते खुर्चीत पुढं सरकून बसले. फळ्यावर त्याचं नाव आलं का? छे हो! तिथं आपला भोपळा पुसायचा कसा ह्याचीच चिंता चालली होती.

आता नीट लक्ष द्या. दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. आपल्या संघाचा दुसरा डाव सुरू झालेला. खेळ संपायला चार-पाच षटकं उरली आणि सलामीच्या एकाचा त्रिफळा उडाला! पुढं जायचं कुणी? हेमंतनं. पॅड बांधून, हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला. ऊन चिंचेच्या झाडांमागं गेलेलं, आणि समोरचा तो गोलंदाज — नवा चेंडू हातात, अंगात वारं भरल्यासारखा धावत येतोय!

निकम म्हणाला, "हेमंत, चल."

हेमंत उठला नाही. पहिल्या डावातला भोपळा डोळ्यांपुढं, गुंडाळलेला फ्लेक्स डोळ्यांपुढं. ह्या चार षटकांत गेलो तर संपलं! विसावं कायमचं गेलं! तो म्हणाला, "बाळू, उजेड गेलाय रे. मला चेंडूच दिसत नाही."

"पंचांना दिसतोय की."

"पंचांना खेळायचं नाहीये. नाइट वॉचमन पाठव."

आता आयाबायांसाठी सांगतो, नाइट वॉचमन म्हणजे रात्रीचा राखणदार. दिवस मावळताना मोठा फलंदाज बाद होऊ नये म्हणून त्याच्या जागी एखाद्या गोलंदाजाला ढकलायचं. तो गेला तर गेला, उद्या सकाळी साहेब लख्ख उन्हात येणार! क्रिकेटात ही रीत आहे, नियमाला धरून आहे. आपल्या घरात सगळी उठल्यावर शेवटी खरवडीला कोण बसतं? तीच ही रीत. नियमात तिथंही काही चुकत नाही.

निकम म्हणाला, "पण पाठवू कुणाला?"

"सर्जा आहे की. बॅट सरळ धरता येते त्याला."

"सर्जा? अरे, शेवटच्या डावाची सगळी भिस्त आहे त्याच्यावर!"

"चार षटकांनी काय होतंय? आणि मी आत्ता गेलो तर उद्या धावा कोण करणार, तू?"

बघा मंडळी! ह्यात एक अक्षर तरी खोटं वाटतंय का? संघाचंच भलं बोलतोय! स्वार्थ कधी फाटक्या कपड्यांत येत नाही हो, चांगला इस्त्री करून येतो. आणि खरं काय होतं, सांगू? मैदानापलीकडं चहाची टपरी होती. तिच्या पाटीवरची अक्षरं हेमंतला बसल्या जागेवरून वाचता येत होती. मोठी तर सोडाच, खालची बारीकसुद्धा! दिसत सगळं होतं. जायचं नव्हतं!

ज्येष्ठ माणूस, शेवटचा सामना, त्याला कोण खोटं पाडणार? निकमनं सर्जाला हाक मारली. सर्जा नुकताच बूट सोडून पाय मोकळे करत होता. हेमंत हसून म्हणाला, "काय सर्जा, राखण करायची सवय तुमच्या घराण्यातच आहे. जा बाबा, माझी विकेट राख."

सगळे हसले. सर्जासुद्धा हसला. "व्हय दादा, जातो की." दुसऱ्याचे पॅड बांधले, दुसऱ्याचे ग्लोव्ज चढवले आणि गेला.

पहिलं षटक निभावलं. दुसरं निभावलं. तिसऱ्यात एक चेंडू टप्पा पडून असा उसळला — खाड्! बॅटची मूठ आणि चेंडू ह्यांच्यामध्ये डाव्या हाताचं पहिलं बोट सापडलं. ज्या हातानं गोलंदाजी करायची, तोच हात! सर्जा गुडघ्यावर बसला. निकम सीमारेषेवरून ओरडला, "सर्जा, परत ये! सोड, परत ये!"

सर्जानं उजवा हात हलवला — नाही! का नाही? डोकं लावा जरा. तो परत आला तर जायचं कुणी? दादांनी! आणि दादांना तर चेंडू दिसत नाहीये! पोरगं एका हाताच्या जोरावर उभं राहिलं, दात आवळून उरलेले सगळे चेंडू अडवले आणि खेळ संपल्यावर चालत आलं. ग्लोव्ह निघेना, कात्रीनं कापावा लागला. आतलं बोट बघून निकमनं कपाळाला हात लावला. आणि सर्जा काय म्हणतोय? "दादा, राखली बघा तुमची विकेट."

हेमंत म्हणाला, "शाब्बास." बोटाकडं त्यानं एकदाच बघितलं, मग आपल्या बॅटचं हँडल बघत बसला.

गोपीनाथराव, पाणी द्या जरा. घसा नाही हो, डोकं तापलंय.

तिसरा दिवस उजाडला. काय ते ऊन, काय ती खेळपट्टी! काल उसळणारे चेंडू आज गुडघ्याच्या वर येईनात. सर्जा हात गळ्यात बांधून तंबूत, आणि राजा मैदानात. खेळला हो, खोटं कशाला बोलू! असा खेळला की समोरच्या संघानंही टाळ्या वाजवल्या. इकडं चौकात फळ्यावर ऐंशी झाले, नव्वद झाले. आणि शंभर! अहो, फटाक्यांनी म्हशी दावं तोडून पळाल्या! फ्लेक्स उलगडला, चढवला. हेमंतनं हेल्मेट काढून बॅट उंच केली आणि आभाळाकडं बघितलं. तंबूकडं बघितलं नाही. एकशे चारवर बाद झाला. चौकात फळ्यावर '१०४' लिहिलं, खाली फुलं काढली आणि मंडळी जेवायला घरी गेली. त्यांच्यापुरता सामना संपला होता.

पण सामना संपला नव्हता ना! चौथा दिवस होता. समोरच्यांना धावा करायच्या होत्या आणि त्यांना रोखायला सर्जाच नव्हता. निकमनं सगळ्यांच्या हातात चेंडू देऊन बघितला. गडी पडत होते, पण धावाही होत होत्या. संध्याकाळ झाली. समोरच्यांचा शेवटचा गडी आणि जिंकायला चार धावा! निकम आजूबाजूला बघतोय. कुणाला देऊ? कुणाचा खांदा उरलाय?

हाताची झोळी सोडून सर्जा तंबूतून मैदानात आला. "कप्तान, मला द्या." दोन बोटं एकमेकांना पट्टीनं बांधलेली.

"जमेल?"

"दुसरं हाय कोण?"

सर्जा धावत आला. पहिल्या डावात जसा यायचा, तसाच. हात फिरला, आणि शेवटच्या क्षणी बोटांनी दगा दिला. चेंडू सुटला तो सरळ फुलटॉस! शेवटच्या गड्यानं डोळे मिटून बॅट फिरवली. चौकार! ढाल गेली!

हेमंत कुठं होता? स्लिपमध्ये उभा. आणि मंडळी, वेळ कुठली होती माहीत आहे? परवाचीच! ऊन चिंचांमागं गेलेलं, तोच मावळता उजेड. आणि त्या उजेडात हेमंतला चेंडू दिसला! बॅटवरून निघालेला दिसला, गवतावरून घरंगळताना दिसला, दोरीला लागेपर्यंत दिसला. सगळा दिसला!

आता गाव काय म्हणालं, ऐका. "हेमंतनं शंभर मारले आणि ह्या कोळेकरानं मॅच घालवली! टाकायला येत नव्हतं तर चेंडू घ्यायचाच कशाला?" असं म्हणणाऱ्यांत एकालाही ते बोट कसं गेलं हे माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणी! फळ्यावर लिहिलं नव्हतं ना!

पुढच्या आठवड्यात सत्कार. फेटा, शाल, ढोलताशा, आमदारांचं भाषण. कुणाच्या तरी डोक्यात आलं, हार सर्जाच्या हातून घालू या! गावचाच खेळाडू, शोभून दिसेल! सर्जा आला. डावा हात प्लास्टरमध्ये. उजव्या हातानं एवढा मोठा हार उचलला. एका हातानं हार घालता येतो का हो? हार फेट्यात अडकला, कानावर लोंबायला लागला. मांडवात खसखस पिकली. कुणीतरी ओरडलं, "इथंपण सुटला का रं!" शेवटी हेमंतनं दोन्ही हात वर केले आणि आपला हार आपणच गळ्यात ओढून घेतला.

त्या गडबडीत सर्जा त्याच्या कानाशी लागला. हळू आवाजात म्हणाला, "दादा, एक इचारू? त्या सांजंला चेंडू खरंच दिसत नव्हता का?"

बस्स. एवढंच विचारलं पोरानं. रागानं नाही, मनातून. माइक पुढ्यात होता. सारं गाव समोर होतं. एक वाक्य बोलला असता हेमंत, तर पोराची मान वर झाली असती! हेमंतनं ओठ ओले केले. म्हणाला, "नव्हता रे."

सर्जाचा चेहरा मोकळा झाला. "मग काय नाय दादा. मग बोट गेल्याचं काय नाय." आणि खाली उतरून मागं जाऊन बसला. हेमंत माइकवर बोलला, "खेळात हारजीत चालायचीच." काय टाळ्या पडल्या, काय टाळ्या! बोट जुळलं, पण वाकडं जुळलं. त्या हातातून चेंडू पुन्हा पहिल्यासारखा कधीच सुटला नाही. राज्याच्या संघाचं बोलावणं आलं नाही ते नाहीच. आणि विसावं शतक? ते आहे की! अजून आहे. त्याला काय झालंय?

काका, खांब सोडून सरळ बसलात! बरं झालं. आता सांगा, शतक चांगलं होतं की नाही? होतं! मग हेमंत मान का खाली घालतो? धावा त्यानं उन्हात केल्या म्हणून नाही. अंधारात दुसऱ्याला पाठवलं म्हणून!

आणि तुम्ही हेमंतला शिव्या देऊन मोकळे होऊ नका! फ्लेक्स कुणी छापला? फळ्यावर संघाला जागा कुणी ठेवली नाही? तुम्ही! मागच्या महिन्यात तुमच्या बढतीचे पेढे आले माझ्याकडं, पाटीलसाहेब. गोड होते. ऑफिसात ज्यानं तुमच्या वाटणीचं काम उपसलं, त्याला पोचला का पेढा? वहिनी, तुमच्या मुलाचा पहिला नंबर आला, पेपरात फोटो आला. धाकटीची शाळा त्याच वर्षी का सुटली, ते कुठल्या पेपरात आलं? हसायचं थांबलं बघा मंडपातलं.

प्रत्येकाच्या आयुष्यात अशी एक संध्याकाळ असते. आपली पाळी असते, आपल्याला सगळं दिसत असतं आणि आपण म्हणतो, 'उजेड नाही.' मग कुणीतरी हसत उठतं, 'व्हय दादा' म्हणतं आणि आपल्या जागी जातं. आईबाप जातात, भाऊ जातो, बायको तर रोजच जाते. त्यांचं बोट मोडलं की आपण म्हणतो, हारजीत चालायचीच!

आता आरती होईल, ताट फिरेल, मला हार घालाल. घाला. पण त्याआधी गजर करायचाय, आणि आज गजराला टाळी नको. हात जोडा आणि आपापला सर्जा आठवा. तो जिवंत असेल तर कुठल्या तरी मागच्या रांगेत बसलेला असेल. आज ना उद्या तो हळूच कानाशी येऊन विचारील, 'खरंच दिसत नव्हतं का हो?' तेव्हा काय सांगणार, ते इथंच, देवासमोर ठरवा.

ठरलं? ज्यांचं ठरलं असेल त्यांनीच गजराला तोंड उघडा. बाकीच्यांनी ऐका.