फोटोत धूर दिसत नाही

औरंगपुऱ्यात पीयूसीच्या व्हॅनमधून पुतण्या कागद फडकवत उतरला. त्याचे काका स्कूटर घेऊन रांगेत माझ्यापुढेच उभे होते.

"काका, आपली स्पोर्ट बाईक पास! सलग चौथ्या वर्षी."

"गाडी कुठाय पण, कृष्णा?"

"मोबाईलात फोटो हाय की. फोटोवरच पास करतेत."

"अन् धूर?"

"फोटोत कुठं दिसतोय धूर?"

"काल तर म्हनलास, तिचा ब्रेक लागत नाय."

"ब्रेक इथं बघतच नाय कुणी."

"बरं. घरीच उभी हाय ना?"

"नाय, आपली अपेक्षा घेऊन गेली ना बिडकीनला, परीक्षेला."

"माझी पोरगी? अरे, फोन लाव तिला!"

"लावतोय काका. उचलत नाय."

"का उचलत नाय?"

"गाडी चालवताना ती फोन उचलतच नाय. लई नियम पाळते."