कापडी वाफ्याची भाजणी

पुरुषाच्या हाती शिलाई मशीन देऊ नये, हे आमच्या हिचं मत पक्कं झालं, त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. नोकरी संपवून आम्ही रिहे गावी राहायला आलो, तेव्हा माझ्या जुन्या पँटी कापून मी झाडांसाठी पिशव्या शिवल्या. दोनदा शिवण उसवली आणि माती ओटीवर आली. "आता शेवटचं. हेही फसलं तर मशीनला कुलूप," असं हिने बजावलं.

मग मी चार बांबूंना ताणून पलंगाएवढा कापडी वाफाच शिवला. तळाला सुका पाला आणि शेण भरलं. वर माती घालणार, तोच लेकाकडे हिंजवडीला जावं लागलं. शेजारच्या दगडूभाऊंना सांगितलं, "यात मेथी पेरायचीय. भाताच्या रोपांसाठी करता तशी तयारी करून ठेवा."

"व्हय भाऊसाहेब, काळजीच करू नगा."

दोन दिवसांनी आम्ही परतलो, तर बांबूंची चार काळी खुंटं आणि मधे राख.

"दगडूभाऊ, हे काय केलंत?"

"राब भाजला की! पाला-शेण तर तुमीच रचून ठिवलं व्हतं. भाताच्या रोपाला असं पेटवून जमीन भाजल्याबिगर आमी बी टाकतच न्हाई."

मी कुलपाच्या तयारीने हिच्याकडे पाहिलं. ही तोंडाला पदर लावून आत गेली आणि दगडूभाऊंसाठी चहा टाकला.

चहा पिताना दगडूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "फकस्त कापाड पातळ व्हतं, भाऊसाहेब. जाळ टिकला न्हाई. पुढच्या येळंला जरा जाड शिवा."