अण्णांच्या पट्ट्या

हॅलो?… हॅलो, कोण?… काकू! बोला ना, बोला…

आवाज? कसला आवाज?… खर्र-खर्र? छे हो, शेजारचा सुतार. सकाळपासून डोकं उठवलंय मेल्यानं… आता बंद झाला? हो ना, झाला बंद. जेवायला गेला असेल… दहा वाजता? असते काकू एकेकाला भूक!

अण्णा कसे आहेत?… पट्ट्या तयार? इतक्यात? चाळीसच्या चाळीस?… अहो, मागच्याच अजून… नाही, संपल्या. संपल्याच म्हणा. गिटारी भराभर चालल्यात ना, पट्ट्या पुरतायत कुठे… कशा होत्या? एक नंबर! सांगा त्यांना, खाच म्हणजे खाच. वळणावर अश्शा बसल्या… हो हो, एकही तुटली नाही. एकही नाही काकू, शप्पथ…

हसतायत? काय म्हणाले?… ‘हात अजून शाबूत आहे.’… हो. आहे ना. आहेच…

काय घेतलंय म्हणालात?… कुणाची गिटार?… परत सांगा. ऐकू आलं हो, पण परत सांगा… कुणी बाई आल्या होत्या. त्यांच्या वडिलांची गिटार. वडील गेले, आणि वरची फळी तडकलीय… आणि अण्णा हो म्हणाले? अख्खी फळी उतरवणार? गरम सुरीने सरस सोडवत?… कधी?… आत्ता?

काकू, त्यांना म्हणावं थांबा… का म्हणजे… हवा दमट आहे. दमट हवेत फळी उतरवू नये… तुमच्याकडे कडकडीत ऊन पडलंय? मग ऊन आहे म्हणून थांबा म्हणावं. ऊन तर फारच वाईट… अहो, चेष्टा नाही करत मी. दोन वर्षांत सुरीला हात लावला नव्हता ना त्यांनी? मग आजच काय अंगात आलं?…

माझ्यामुळे?… मी काय केलं?… ‘पोरगी सांगते, एकही पट्टी तुटत नाही. मग फळी का नाही उतरायची?’… असं म्हणाले. बाई गं…

काकू, ऐका. आतल्या खोलीत जा. जा ना, सांगते… दार लोटा. लोटलंत?… त्या पट्ट्या मी लावतच नाही… कुठल्या काय, अण्णांच्या. दीड वर्षात एक लावलेली नाही… का काय काकू, तुटतात म्हणून!

अहो, ती पट्टी असते बोटाएवढी रुंद. तिला शंभरेक खाचा. करवत आरपार जाता कामा नये, खाली पुठ्ठ्याएवढं लाकूड राहायला हवं. राहिलं तर पट्टी वळते, गिटारच्या आतून कडेकडेने चिकटते, आणि तिच्यावर वरची फळी बसते. अण्णांच्या हाताला ते आपसूक कळायचं. आता हात थरथरतो. एक खाच आरपार, दुसरी अर्धवट. वळवायला घेतली की कट्. दुसरी घेतली, कट्. कापड चिकटवून बघितलं, भिजवून बघितलं. सगळं करून बघितलं हो…

बोलले का नाही? कसं बोलणार? मला सगळं काम शिकवून दुकान हाती देताना काय म्हणाले होते, आठवतं ना? ‘बाकी सगळं तू कर. खाचा तेवढ्या मी मारीन.’ तेवढंच मागितलं होतं त्यांनी. माझी जीभ रेटलीच नाही. पहिल्या खेपेला म्हटलं ‘छान आहेत’, आणि मग दर खेपेला तेच म्हणत गेले…

काम? काम कसं थांबेल? जिग केली मी… जिग म्हणजे साचा हो, खाचा मारायचा. आता कुणीही मारावं, सगळ्या सारख्या… हो. मघाचा तो आवाज तोच. सुतार-बितार कुणी नाही शेजारी…

बोला, बोला. बरोबर आहे तुमचं. ऐकून घेते मी… माझा फोन येऊन गेला की दोन दिवस शीळ घालत असतात? नका ना सांगू असलं काही…

मी? मी नाही सांगायची. तुम्हीच हळूच… तुम्ही नाही सांगणार… बरं. बरोबर आहे, घाण मी केली, मीच निस्तरते. द्या त्यांना. पळा काकू, सुरी तापली असेल!

…

अण्णा! मी… मी बोलतेय!… हो, पट्ट्या तयार आहेत, काकू म्हणाल्या. अण्णा, सुरी खाली ठेवा… सुरी! खाली!… ठेवलीत? नक्की?… बरं.

अण्णा, मी एक जिग केलीय… जिग! खाचांची!… एका फळकुटाला चर पाडलाय, त्यातून पट्टी सरकते… अंतर? अंतराला खिळा आहे. झालेली खाच खिळ्यावर बसवायची की पुढची बरोब्बर तेवढ्याच अंतरावर… सायकलच्या स्पोकचा तुकडा, कानशीने घासून. साधा खिळा खाचेत जाईना… हो, पहिल्यांदा तिथंच फसले! तुम्हाला कसं कळलं?… खाच किती खोल जावी त्यासाठी दोन्हीकडे आधाराच्या पट्ट्या ठोकल्यात, करवतीची पाठ त्यांच्यावर टेकली की करवत आणखी खाली जातच नाही… झिजतात, हो. महिन्याला बदलते… पितळेच्या? अरे हो, पितळेच्याच करायला हव्या होत्या. सुचलंच नाही मला… लाकूड किती ठेवायचं ते माप? तुमचंच. तुमची एक जुनी पट्टी होती दुकानात, तिच्यावरून घेतलं… अण्णा, नका ना हसू. शाबासकी नका देऊ मला…

काय?… हो, ऐकू आलं… कशाला केली, विचारताय.

तुमच्या पट्ट्या तुटतात म्हणून… तुटतात!… अजून मोठ्याने काय बोलू अण्णा? तुटतात!… नाही, लाकूड चांगलं होतं. लाकडाचा काही दोष नाही… नाही. करवतीचाही नाही…

किती?… सगळ्या… हो, चाळीसातल्या चाळीस…

दीड वर्ष झालं… हो, दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर फोन लावून पट्ट्या कशा झाल्या विचारलंत, तेव्हाही. तेव्हाही खोटंच बोलले मी.

कुठे आहेत?… आधी पोत्यात ठेवत होते. पोतं भरलं. मग… सरस गरम करायला शेगडी लागते ना… हो. तिच्यातच जाळल्या. तुमच्याच शेगडीत… दर आठवड्याला…

अण्णा, शिव्या द्या मला. द्या की! एरवी खिळा वाकडा ठोकला तरी सात पिढ्यांचा उद्धार करता… त्या बाईंची गिटार तेवढी राहू द्या. मी येते, बाराची बस पकडून येते. तुम्ही बाजूला बसून सांगा, मी सुरी धरते. आपण दोघं मिळून… अण्णा?… हॅलो? अण्णा?…

…

काकू? फोन तुमच्याकडे दिला? आणि गिटार?… पेटीत ठेवली? कड्या लावल्या? हुश्श. वाचली बिचारी…

आता काय करतायत?… पुसतायत? काय, सुरी?… पटाशाही?… रंधाही… तेल लावून फडक्यात गुंडाळतायत… कुठली कुठली हत्यारं काकू?… सगळी?

नका, अडवू नका… नाही, अडवा ना हो… मला काय कळतंय, काय करायचं ते. मी फक्त ती गिटार म्हणत होते, काकू. फक्त आजचा दिवस म्हणत होते…

करवत बाहेर ठेवलीय? का?… कुणाला विचारतायत, मला?… काय?

त्यांची करवत माझ्या जिगमध्ये बसेल का…

… आहे काकू, आहे. ऐकतेय मी… नाही, रडत नाहीये… त्यांना म्हणावं… म्हणावं बसेल… खरं सांगतेय या खेपेला. बसेल… सांगितलंत?… बरं.

ठेवते.